पानामागे सव्वा रुपया

१

मंगळवारी सकाळी सुचित्रा तोडणकरची सगळी पुस्तकं नाहीशी झाली. कपाटातून नव्हे, कपाटात ती कधी नव्हतीच. सुचित्रा फक्त ई-बुकं काढते, म्हणजे फोनवर वाचायची पुस्तकं, आणि ती ‘वाचनवेल’ नावाच्या ॲपवर विकते. त्या दिवशी तिने ॲप उघडलं तर तिच्या ‘गिरणगल्ली प्रकाशना’च्या चाळीसेक पुस्तकांच्या जागी एकच ओळ होती: हा प्रकाशक सध्या उपलब्ध नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर बसून रडत होती आणि मी वैतागले होते. रडण्याला नव्हे. रडणारी माणसं माझ्या धंद्यात रोजचीच. मी लतिका विजयकर. दादरला रानडे रोडवर साड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर माझं चौकशी केंद्र आहे आणि सगळं आयुष्य मी लग्नाआधीच्या चौकशा करण्यात घालवलंय. मुलगा सांगतो ती नोकरी खरी का, मुलीच्या काकांचा म्हणतात तो फ्लॅट त्यांचाच आहे का, एवढंच मला कळतं. पुस्तकवाल्यांच्या भानगडीत पडायची मला हौस नव्हती. त्यांना एक प्रश्न विचारावा तर ते प्रस्तावना सुरू करतात.

“मॅडम, मी चोर नाहीये,” सुचित्रा म्हणाली.

“तुला चोर कोण म्हणालं?”

“सगळेच. वाचनवेलचा ‘एक दर’ म्हणून नियम आहे. ॲपवर जी किंमत लावली त्याच्यापेक्षा कमीत पुस्तक दुसरीकडे कुठेच विकायचं नाही. विकलं की खातं बंद. आणि कोणीतरी माझ्या नावाने ‘किताबगाडी’ साइटवर आईचं पुस्तक दहा रुपयांना टाकलं. काही तासांत निनावी तक्रार गेली. संपलं.”

तिने फोन पुढे केला. ॲपवाल्यांनी पुरावा म्हणून पाठवलेलं पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र. पुस्तकाचं मुखपृष्ठ आणि खाली ‘₹१०’. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात काहीतरी पिवळट होतं. मी चष्मा पुसला, तरी ते पिवळटच राहिलं.

पुस्तकाचं नाव होतं ‘माझ्या खानावळीची गोष्ट’, लेखिका लक्ष्मी तोडणकर. सुचित्राची आई. करी रोडच्या चाळीत राहून तिने वर्षानुवर्षं गिरणी कामगारांना जेवू घातलं होतं. एकोणपन्नास रुपयांचं हे ई-बुक वाचनवेलवर सगळ्यात जास्त खपत होतं.

“तुम्ही वाचलंय का, मॅडम? सातवं प्रकरण वाचा. ते वाचून चाळीतल्या दोन म्हाताऱ्या आईशी भांडायला आल्या होत्या.”

“वाचेन,” मी म्हणाले. सगळे म्हणतात तसंच.

“शनिवारी ई-ग्रंथ मंडळाची बैठक आहे. माझं खातं कायमचं बंद करायचं की नाही ते तिथे ठरणार. बंद झालं तर सगळ्या लेखकांची पुस्तकं गेली. आणि आई रोज विचारते, माझ्या पुस्तकात काय चुकलं का गो? काय सांगू तिला?”

ही शेवटची ओळ नसती तर मी केस घेतली नसती. मी विचारलं, तू कोणाच्या डोळ्यांत खुपतेस?

तिच्या एकोणपन्नास रुपयांमुळे बाकीच्यांना भाव वाढवता येत नव्हते, ती म्हणाली. मंगळवारी तिची पुस्तकं गेली आणि बुधवारी सगळ्यांच्या किमती चढल्या. मंडळ चालवतात तिघं. अध्यक्ष गिरगावचे वसंतराव ओगले, ‘ओगले आणि मंडळी’चे मालक. वाचनवेलचा व्यवस्थापक ध्रुव सामंत, त्याचं ऑफिस परळला. आणि दादरच्या ‘केवडा प्रकाशना’च्या रुपाली सबनीस.

“पण रुपालीताईंना धरू नका. मी त्यांच्याकडेच तर काम शिकले. तुमचं नावसुद्धा त्यांनीच सुचवलं.”

मला आठवलं. रुपालीबाईंच्या भाचीसाठी मी एका मुलाची चौकशी केली होती. त्याला नाशकात एक बायको आधीच होती. तेव्हा त्यांनी साधं ‘थँक्यू’ही म्हटलं नव्हतं, आणि आता अचानक माझ्यावर एवढा विश्वास!

२

वसंतराव ओगल्यांच्या गायवाडीतल्या ऑफिसात शिरायला पुस्तकांच्या गठ्ठ्यांमधून आडवं व्हावं लागतं. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज लाउडस्पीकरचा. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि खुर्ची कुठेच नव्हती.

“तुम्ही सगळ्यांनी मिळून किमती ठरवल्या का?” मी सरळच विचारलं. चौकशीला आलेल्या माणसाने असं विचारायचं नसतं, पण मी उभी होते.

मला वाटलं होतं ते कानावर हात ठेवतील. ते खुलले.

“अर्थात! पानामागे सव्वा रुपया. मीच ठराव मांडला. साठ वर्षं मराठी पुस्तकाचा दर पानावर ठरतो, बाई. आमचे वडील शेजारच्या प्रकाशकाबरोबर चहा प्यायचे आणि पानाचा दर ठरवून उठायचे.”

“वसंतराव, हे बेकायदा आहे. धंदेवाल्यांनी संगनमत करून भाव ठरवायचा नसतो. दिल्लीत त्यासाठी स्पर्धा आयोग बसलाय.”

“मग येऊ दे की आयोगाला. चहा पाजू.”

मी कपाळावर हात मारला. ज्या गुन्ह्यासाठी वकील लोक वर्षभर पुरावे शोधतात, तो हा माणूस सत्काराच्या भाषणासारखा सांगत होता.

“पण हे ई-बुक आहे. त्याला पानं कुठून आणता?”

“छापील आवृत्तीची जेवढी पानं, त्याला सव्वाने गुणायचं. आता त्या मुलीच्या आईचं पुस्तक घ्या. किती पानांचं आहे ते?”

“मला काय माहीत?”

“पाहा! तिला विचारलं तर म्हणते, ई-बुकाला पानं नसतात, अक्षर मोठं केलं की वाढतात, लहान केलं की कमी होतात. मग योग्य किंमत मी सांगू कशी? अंगाचं मापच नाही आणि म्हणे सदरा शिवा.”

“तुम्ही त्या पुस्तकाच्या प्रकाशनाला अध्यक्ष होतात ना? तिथे बोललात म्हणे.”

“पाऊण तास बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या मुलीने एक शहाणपण मात्र केलं होतं. फोन काय उघडून दाखवायचा स्टेजवर? तिने चकचकीत कागदात गुंडाळलेलं पुस्तक आणलं होतं, रुपालीने ते सोडलं, मी हातात धरलं, फोटो झाला.”

“आत काय होतं?”

“प्रकाशनाच्या वेळी पुस्तक कोण उघडतं?” वसंतराव माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत म्हणाले.

“मग ते पुस्तक गेलं कुठे?”

“नंतर वडा आणि कॉफी होती,” ते म्हणाले, आणि त्यांच्या दृष्टीने उत्तर तिथे संपलं.

३

रुपाली सबनीसांनी मात्र मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आवळा सुपारी दिली. दादरच्या त्यांच्या ऑफिसात पुस्तकं भिंतभर काचेच्या कपाटांत रांगेत उभी होती आणि एकाही कपाटावर धूळ नव्हती. पन्नाशीची, कडक इस्त्रीच्या सुती साडीतली बाई. खरं सांगायचं तर मला त्या आवडल्या, आणि म्हणूनच जास्त वैताग आला.

“बिचारी सुचित्रा,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे आली तेव्हा तिला प्रूफ कसं वाचतात तेही ठाऊक नव्हतं. लेकीसारखी शिकवली. आता माझेच लेखक तिच्याकडे जातात. जाऊ देत.”

जाऊ देत म्हणताना त्यांचा चेहरा जाऊ देत म्हणत नव्हता.

“तिने दहा रुपयांना पुस्तक विकलं असेल असं वाटतं तुम्हाला?”

“नाही हो. पण खरं सांगू? तिने हे ओढवून घेतलं. ज्या पुस्तकाची किंमत दोनशे वीस व्हायला हवी, ते ही एकोणपन्नासला विकणार. मग लोक आमच्याकडे बघून म्हणणार, हे लुटारू. कागद लागत नाही म्हणून काय लेखकाच्या कष्टाला मोल नाही?”

“तुम्ही ते पुस्तक वाचलंत?”

“एका बैठकीत. मायेने लिहिलंय. खानावळीतल्या बायकांचा तो जिव्हाळा, वा!”

“आणि किताबगाडीवरची ती दहा रुपयांची जाहिरात? ती पाहिलीत?”

“मी? त्या साइटचं तोंड पाहिलेलं नाही मी. सुचित्राने सांगितलं तेवढंच माहीत. तुम्ही ॲपवाल्यांना विचारा ना. त्यांना सगळ्यांच्याच किमती चढलेल्या हव्या असतात. टक्केवारी मिळते त्यांना.”

मुद्दा बरोबर होता. मी निघाले. जिना उतरताना काहीतरी टोचत होतं, चपलेत खडा गेल्यावर टोचतं तसं. लग्नाच्या चौकशांत मी एक गोष्ट शिकलेय. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माणूस घरून तयार करून आणतो. न विचारता तो जे सांगतो, ते त्याने कुठेतरी खरंच पाहिलेलं असतं. पण रुपालीबाईंनी न विचारता काय सांगितलं होतं, ते काही केल्या मला आठवेना. रस्त्यात फुलवाल्याने मला धक्का दिला आणि उलट मलाच विचारलं, दिसत नाही का.

४

परळच्या त्या टॉवरमध्ये आत जायला माझा फोटो काढला, तो बिल्ल्यावर छापला आणि बिल्ला माझ्याच गळ्यात अडकवला. मी कोण हे मला कळावं म्हणून असेल.

ध्रुव सामंत तिशीतला होता आणि मला मॅम म्हणत होता.

“मॅम, आमचा रोल न्यूट्रल आहे. प्रकाशक प्राइस ठरवतात, आम्ही फक्त ‘एक दर’ पाळला जातोय ना ते बघतो. कस्टमरला कुठेही फसल्यासारखं वाटू नये म्हणून.”

“म्हणजे कस्टमरला स्वस्त मिळून तो फसू नये म्हणून?”

तो हसला नाही. “सिस्टिम ऑटोमॅटिक आहे, मॅम.”

“त्या दहा रुपयांच्या पुस्तकाची फाइल कोणी उघडून पाहिली का?”

“सिस्टिम नाव आणि किंमत मॅच करते.”

“पण आत काय होतं?”

“आय थिंक… ब्लँक होतं. रिकामी फाइल.”

“रिकाम्या फाइलवरून तुम्ही चाळीस पुस्तकं बाहेर काढलीत?”

“पॉलिसीत कंटेंटचा उल्लेख नाहीये, मॅम.”

मी गळ्यातला त्यांचा बिल्ला, म्हणजे माझाच चेहरा, काढून टेबलावर उलटा ठेवला आणि किताबगाडीवरचं ते संपूर्ण पान दाखव म्हणाले. तो कां-कूं करायला लागला. मी त्याला वसंतरावांनी मला काय काय सांगितलं ते सांगितलं, पानामागे सव्वा रुपयासकट. त्याचा रंग उडाला. कायदा त्याला चांगला माहीत होता.

“सर असं कोणालाही सांगतात?”

“चहाबरोबर.”

त्याने मुकाट्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. या वेळी मुखपृष्ठ मोठं दिसलं. कोणीतरी फोनने काढलेला फोटो होता, कडा किंचित वाकड्या. कोपऱ्यातलं ते पिवळट म्हणजे बोटाचा एक पिवळा ठसा आणि त्याच्या शेजारी एक लाल ठिपका.

“फोटो कशाला काढला असेल? तुमच्या ॲपवरून कव्हर उचलता येतं ना?”

“आमच्या सगळ्या कव्हरवर ‘वाचनवेल’ असा आडवा शिक्का असतो. कोरं कव्हर फक्त सुचित्राकडे आहे आणि इथे आमच्या फोल्डरमध्ये.”

खाली लेखिकेचं नाव, किंमत, आणि त्याखाली एक ओळ होती. पृष्ठे: १७६.

“ही माहिती भरावीच लागते का तिथे?”

“नाही, ऑप्शनल आहे. कोणीच भरत नाही. ई-बुकमध्ये पेज काउंटला काय मीनिंग?”

“हे पूर्ण पान आणखी कोणी पाहिलंय?”

“फक्त मी. तक्रार आली, मी स्क्रीनशॉट घेतला, अर्ध्या तासात टाकणाऱ्याने ते काढूनही टाकलं. सुचित्राला आम्ही फक्त कव्हर आणि प्राइस पाठवली.”

मी तो आकडा दोनदा मनात म्हटला. जिन्यावर टोचणारा खडा आता कुठे हाताला लागत होता.

५

करी रोडच्या चाळीत तोडणकरांच्या खोलीत लक्ष्मीबाईंनी मला आधी सोलकढी दिली आणि मग ओळख विचारली. बारीक चणीची, पांढऱ्या केसांची बाई. मी फोनवर ते चित्र मोठं करून दाखवलं.

“ह्या हळदकुंकू,” त्या लगेच म्हणाल्या. “मीच लावलंय. पयल्या पुस्तकाक हळदकुंकू लावल्याशिवाय स्टेजवर कशी धाडू? ह्या शिकलेल्यांका नाय कळत.”

सुचित्रा पुढे वाकली. “आई, पण ते तर त्या डमीवर लावलं होतंस!”

तिने मला समजावलं. प्रकाशन समारंभाला हातात धरायला काहीतरी हवं, म्हणून तिने लालबागच्या रघु बाइंडरकडून एक खोटं पुस्तक बांधून घेतलं होतं. वरती खरं मुखपृष्ठ, आत कोरे कागद. धंद्यात त्याला डमी म्हणतात. छापायच्या आधी पुस्तक किती जाड होईल ते बघायला प्रकाशक नेहमी अशी डमी करून घेतात, नेमकी तेवढ्याच पानांची.

“तुझी डमीसुद्धा खऱ्या पुस्तकाएवढ्या पानांची होती?”

“छे! आपलं पुस्तक कुठे छापायचं होतं? रघुकडे दुसऱ्या कामातले कोरे फॉर्म उरले होते, तेवढे बांधले. सोळा पानांचा एक फॉर्म, असे अकरा. फोटोत बरं दिसेल म्हणाला. खरं पुस्तक छापलं तर तीनशे पानांच्या वर जाईल, असंही म्हणाला होता.”

अकरा सोळं एकशे शहात्तर.

“ती डमी आता कुठे आहे?”

“समारंभानंतर मिळालीच नाही. मला वाटलं, वड्याच्या बश्यांबरोबर गेली असेल.”

म्हणजे ज्याने दहा रुपयांचा सापळा लावला, त्याच्या हातात डमी होती. त्याने तिच्या मुखपृष्ठाचा फोटो काढला, हळदकुंकवासकट. आणि नको असलेला पृष्ठसंख्येचा रकाना सवयीने भरला. १७६ हा आकडा साऱ्या जगात फक्त त्या कोऱ्या कागदांत होता.

लक्ष्मीबाईंनी माझा हात धरला. “माझ्या पुस्तकापायी पोरीचा नाव गेला का गो?”

“पुस्तकापायी नाही,” मी म्हणाले. “तुम्ही शनिवारी बैठकीला या.”

६

मंडळाची बैठक दादरच्या एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत होती. पंखा एकच होता आणि तो अध्यक्षांवर. वसंतराव, रुपालीबाई, ध्रुव, समोर सुचित्रा आणि तिची आई. आमचा विषय पत्रिकेवर पहिला नव्हता. त्याआधी दिवंगत सभासदांना श्रद्धांजली होती, मग मागच्या वेळचं इतिवृत्त, मग चहाचं काय झालं यावर चर्चा. मी दात आवळून बसले होते.

शेवटी वसंतराव म्हणाले, “हं, बोला बाई.”

“ज्याने हे केलं, त्याने समारंभातली डमी पळवली आणि तिच्या कव्हरचा फोटो काढला,” मी म्हणाले. “या मायलेकी सोडल्या तर स्टेजवर तुम्ही तिघंच होतात. ध्रुवकडे कोरं कव्हर कॉम्प्युटरमध्ये आहे, त्याला वाकडे फोटो काढायची गरज नाही. शिवाय त्याच्या लेखी पृष्ठसंख्येला काही अर्थ नाही. आणि इथे तर ती भरलेली आहे. पृष्ठसंख्येचा रकाना दिसला की तो रिकामा ठेववत नाही असा माणूस फक्त छापील पुस्तकांच्या धंद्यातला.”

“म्हणजे मी?” वसंतराव ताठ बसले.

“तुम्ही नव्हे. तुम्हीच मला विचारत होतात, त्या पुस्तकाची पानं किती. तुम्हाला त्याची किंमत काढता येत नव्हती.” मी वळले. “रुपालीताईंना मात्र येत होती. मी न विचारता त्यांनी मला सांगितलं, या पुस्तकाची किंमत दोनशे वीस व्हायला हवी. वसंतराव, दोनशे वीसला सव्वाने भागा.”

वसंतरावांनी डोळेसुद्धा मिटले नाहीत. “एकशे शहात्तर. अकरा फॉर्म,” ते आनंदाने म्हणाले, आणि मग आपण काय म्हणालो ते त्यांच्या लक्षात आलं.

ध्रुवने लॅपटॉप उघडून ते पान सगळ्यांसमोर धरलं. पृष्ठे: १७६.

“मी अंदाज केला,” रुपालीबाई म्हणाल्या. आवाज शांत होता.

“खरं पुस्तक तीनशेच्या वर जातं. तुमच्यासारख्या बाईचा अंदाज एवढा चुकेल? तुम्ही वाचून अंदाज केलाच नाहीत. डमी म्हणजे पुस्तकाचं माप, हे तुमच्या हाडात आहे, म्हणून फॉर्म मोजलेत. पण ही डमी उरलेल्या कागदाची होती.”

“हे सगळं तोंडी आहे. पुरावा काय?”

माझ्याकडे पुरावा नव्हता, हे मला सकाळपासून छळत होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात लक्ष्मीबाईच बोलल्या. त्यांना वादाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना भलतीच काळजी पडली होती.

“ता पुस्तक कोणी रद्दीत तर नाय ना टाकला? हळदकुंकू लावलेला होता.”

“रद्दीत कशी टाकेन, काकी?” रुपालीबाई पटकन म्हणाल्या. “कपाटात आहे.”

रुपालीबाईंनी पदराने तोंड पुसलं. सुचित्राने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. मला वाटलं होतं, खूनबीन उलगडल्यावर गुप्तहेराला होतो तसा मला आनंद होईल. मला फक्त चीड आली.

“तुम्हीच तिला माझ्याकडे पाठवलंत,” मी म्हणाले. “लग्नाच्या चौकशा करणारी बाई, तिला पुस्तकातलं काय कळणार, असं ना?”

“माझे लेखक एकेक करून गेले,” रुपालीबाई सुचित्राला म्हणाल्या. “तीस वर्षांचं दुकान. तू एकोणपन्नासचा आकडा लावलास आणि मी दर पाडले, तरी लोक तुझ्याकडे. थोडे दिवस तुझं खातं बंद राहील, एवढंच वाटलं होतं मला.”

ध्रुवने घसा साफ केला. “ओके. सुचित्रा, खातं आजच रिस्टोअर करतो. फक्त प्राइस मंडळाच्या दराने ठेवूया, म्हणजे पुढे इश्यू नको.”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. “अरे, एवढं सगळं ऐकूनही? सोमवारी माझी तक्रार आयोगाकडे जातेय. तुमचा ‘एक दर’ आणि यांचा सव्वा रुपया, दोन्हींची.”

“आयोगाला मी स्वतः सांगतो!” वसंतराव गरजले. “साठ वर्षांची परंपरा आहे!”

ध्रुवने डोकं हातात धरलं.

“किंमत एकोणपन्नासच राहील,” सुचित्रा म्हणाली. “आणि ‘एक दर’वर मी पुन्हा सही करणार नाही. खातं देणार असाल तर तसं द्या.”

तो मान डोलावून टाइप करायला लागला. मग ती आईला उठवायला वळली, पण लक्ष्मीबाई उठल्या नाहीत. त्या रुपालीबाईंकडे बघत होत्या. त्यांच्या नजरेत राग नव्हता, आणि ते मला जास्त खटकलं.

“बाय, तू सातवा प्रकरण वाचलंस?”

रुपालीबाई समोरच्या पत्रिकेची घडी घालू लागल्या.

“आमी चाळीतल्या सगळ्या खानावळवाल्यांनी मिळून महिन्याचा एक भाव ठरवलेला. सुलोचना म्हणून एक होती, ती कमी घ्यायची. कामगार तिच्याकडे जाऊक लागले. आमी तिच्या पेटत्या चुलीत पाणी वतलंव. मी सोता घागर घेऊन गेलेली. ती गावाक गेली ती परत नाय इली. ता मनातून जात नाय म्हणून तर मी पुस्तक लिवलंय.” त्यांनी वसंतरावांकडे पाहिलं, ध्रुवकडे पाहिलं. “त्या दिवशी तुमी सगळ्यांनी टाळ्यो वाजवल्यात. माका वाटला, वाचलात.”

मी तरी कुठे वाचलं होतं?

रुपालीबाई उठल्या, न बोलता खाली गेल्या आणि अर्ध्या तासाने ऑफिसातून डमी घेऊन आल्या. ती खाकी कागदात नीट गुंडाळलेली होती. लक्ष्मीबाईंनी ती घेतली, हळदकुंकू शाबूत आहे ना ते पाहिलं आणि पिशवीत टाकली.

खातं त्या संध्याकाळी सुरू झालं. मी एकोणपन्नास रुपये भरून पुस्तक घेतलं आणि सातव्या प्रकरणापासून वाचायला बसले. सुलोचनाबाईंची चूल विझते ती जागा तीनच ओळींची आहे. कितव्या पानावर ते मात्र सांगता येणार नाही. ई-बुकाला पानं नसतात.